हलक्या मॉडेल विमानाचा पंख हवेतच मोडतो, काय करावं?

पंख बहुतेक वेळा धडाजवळ मोडतो, कारण वाकवणारा ताण तिथेच सर्वांत जास्त असतो. म्हणून अख्खा पंख जाड करून वजन वाढवू नका, मधला स्पार, म्हणजे पंखाच्या आत लांबीभर जाणारा मुख्य दांडा, मजबूत करा. स्पारच्या वरच्या आणि खालच्या पट्टीमध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचे पातळ तुकडे, लाकडाच्या रेषा उभ्या ठेवून, फट न राहता चिकटवा. उडताना पंख वर वाकतो, म्हणून वरची पट्टी दाबाखाली असते. आधार नसला की ती आधी लचकते आणि पंख दुमडतो. काम किचकट आहे, पण इथे कसर नको. टोकांकडे लाकूड खुशाल कमी करा.

उडवताना वेग दुप्पट झाला की पंखावर चौपट भार येऊ शकतो. त्यामुळे सूर मारल्यावर एलिव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) झटक्यात ओढू नका. थ्रॉटल, म्हणजे मोटरची ताकद, कमी करून विमान हळूहळू वर घ्या.