पाणी कंपनीकडे गेलं म्हणजे नेमकं काय गेलं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीला चालवायला द्यावा की नाही यावर बरीच पत्रं आलीत, त्यातली वेगवेगळी चार घेते.

ताई, आमच्या महापालिकेत पाणीपुरवठा पीपीपीवर, म्हणजे सरकारी-खासगी भागीदारीवर, द्यायचं चाललंय. कट्ट्यावर सगळे म्हणतात धरण विकलं, आता घोटभर पाण्याचेही पैसे. खरंच पाणी विकतात का हो? – एक निवृत्त शिक्षक

काका, धरण विकत नाहीत, टाक्या आणि पाइपलाइनही विकत नाहीत. जातं ते काम. पाणी शुद्ध करायचं, घराघरात पोचवायचं, गळती काढायची, मीटर बसवायचे, बिलं वाटायची आणि वसूल करायची, हे सगळं ठरावीक वर्षांसाठी कंपनीकडे. नागपूरचं बघा, मार्च 2012 पासून पूर्ण शहराचं काम ऑरेंज सिटी वॉटर नावाच्या कंपनीकडे आहे, विश्वराज आणि फ्रान्सची व्हेओलिया या दोन कंपन्यांनी मिळून काढलेली, करार 25 वर्षांचा. पण मालमत्ता महापालिकेची आणि पाणीपट्टी किती हे ठरवायचा अधिकारही महापालिकेचाच.

खरा मुद्दा कंपनीला पैसे कशाचे मिळतात हा आहे. नागपुरात धरणातून किती पाणी उचललं यावर नाही मिळत, जेवढ्या पाण्याचं बिल झालं आणि ते वसूल झालं त्या युनिटवर (एक युनिट म्हणजे हजार लिटर) मिळतात. म्हणजे वाटेत गळलेलं, चोरीला गेलेलं पाणी कंपनीच्याही खिशाला लागतं, आणि तिथे आधी निम्म्याहून जास्त पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. हे कलम मला पटतं. पण त्याची दुसरी बाजूही आहे, वसुलीवर पोट असलेल्या माणसाचं लक्ष आधी मीटरवर जातं आणि मग नळाच्या धारेवर, त्यामुळे धारेवर लक्ष ठेवणारा कुणीतरी महापालिकेत बसलेला असावाच लागतो.

आणि एक गोष्ट सगळ्यांना सांगा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये पाणी देणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. करार झाला म्हणून ते संपत नाही. नगरसेवक उद्या म्हणाले की आता कंपनीला विचारा, तर ते ऐकून घेऊ नका.

खासगी कंपनीचं काम नागपूरला चाललं आणि औरंगाबादला मोडलं असं का? दोन्हीकडे माणसं मराठीच, कायदा तोच. माझे साडू नागपूरला असतात, ते खूश आहेत. – एक वाचक

दादा, साडूंची वस्ती कोणती ते विचारा आधी. नागपूरच्या धरमपेठेत पूर्ण शहराच्या आधीच पायलट, म्हणजे छोट्या भागातला प्रयोग, झाला होता, तिकडचा अनुभव वेगळा आणि शहराच्या कडेच्या ले-आउटमधला वेगळा. पूर्ण शहराला पाच वर्षांत 24 तास पाणी द्यायचं ठरलं होतं ते झालं नाही, जिथे लाइनच नव्हती त्या भागांत टँकर फिरतच राहिले, बिलांच्या तक्रारीही भरपूर झाल्या. तरी करार टिकला, कारण नागपूरला पेंच धरणाचं आणि कन्हान नदीचं पाणी शहराच्या दारापर्यंत येत होतं, प्रश्न मुख्यतः शहराच्या आतल्या जाळ्याचा होता, आणि आतलं जाळं एकेका टाकीचा भाग धरून तुकड्या तुकड्यानं सुधारता येतं, एका भागात काम अडलं म्हणून बाकीचं शहर अडत नाही.

औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) मुळात पाणी शहरात आणायचाच प्रश्न होता. जायकवाडीवरून 40 किलोमीटरच्या आसपास ओढत आणायचं, 700 आणि 1400 मिलिमीटरच्या दोन जुन्या लाइन आणि शहर मात्र वाढत चाललेलं, म्हणून शेजारून नवी मोठी लाइन टाकायची, तिचंच नाव समांतर जलवाहिनी. खासगी कंपनीशी करार 2011 चा, सप्टेंबर 2014 मध्ये पाणीपुरवठा प्रत्यक्ष कंपनीच्या ताब्यात गेला. आणि इथेच गाडी फसली. पाणीपट्टी दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढेल हे आधीच ठरून गेलेलं, पण मोठ्या लाइनचं काम काही सरकेना. म्हणजे बिल वाढतंय, आणि पाणी तेच, काही दिवसांआड. सांगा, कुठला माणूस शांत बसेल? मोर्चे झाले, सभागृहात गदारोळ झाला आणि 30 जून 2016 ला महापालिकेने करार रद्द करायचा ठराव केला. मग कोर्टकचेरी. शेवटी 2019 मध्ये सरकारी पैशातून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या राज्याच्या पाणीपुरवठा संस्थेमार्फत 1680 कोटींची नवी योजना मंजूर झाली, तिचाही खर्च पुढे 2700 कोटींच्या वर गेला. पाणीपट्टी वाढत वाढत वर्षाला 4050 रुपयांवर पोचली होती ती नंतर निम्मी करावी लागली. या सगळ्यात जी वर्षं गेली त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती वर्षं बायकांनी ड्रम भरण्यात घालवलीत.

माझं मत स्पष्ट आहे. दरवाढ कॅलेंडरला बांधली की करार लोकांच्या मनातून उतरतो. लाइन शहरात आली, चाचणी झाली, अमुक भागात रोज पाणी सुरू झालं की मग त्या भागात दर वाढवा, असं कलम असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. दुसरं, खासगी कंपनी पैसा आणते हे जे सांगतात त्यातला किती तिचा ते विचारत जा. नागपूरच्या सुरुवातीच्या कामात 70 टक्के पैसा केंद्र आणि राज्याचा होता, जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर सुधारणा योजनेतून, कंपनीचा 30 टक्के. मोठा वाटा तुमच्या आमच्या कराचाच, मग अटी घालायला संकोच कसला?

ताई, आमच्याकडे मीटर बसवले. पाणी दिवसाआड तासभर येतं, पण नळ सोडला की आधी फुसफुस हवा येते आणि मीटरचा काटा गरागरा फिरतो. ऑफिसात म्हणतात असं होतच नाही. – एक गृहिणी

होतं, अगदी होतं. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, हवेनं भरते, पुन्हा पाणी सोडलं की ती हवा पुढे ढकलली जाते आणि घरगुती मीटरमधला छोटा पंखा हवेनंही फिरतो. लाइनवर एअर व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) नीट नसले की हवा बाहेर पडायला तुमचा नळच सापडतो, टेकाडावरच्या आणि लाइनच्या टोकाच्या घरांना जास्त त्रास. तुम्ही असं करा, पाणी यायच्या आधी मीटरचं रीडिंग मोबाईलवर व्हिडिओत घ्या, नळ उघडा, पाणी पडायला लागेपर्यंत शूट करत राहा, काटा आणि नळ दोन्ही एकाच फ्रेममध्ये दिसले पाहिजेत. मग तो व्हिडिओ लावून लेखी तक्रार द्या, मीटर तपासणी मागा आणि तुमच्या गल्लीच्या लाइनला एअर व्हॉल्व्ह मागा.

शेजारी कुणी लाइनला थेट मोटर लावत असेल तर तेही बोला. रिकाम्या लाइनमधून मोटर ओढते तेव्हा फुटक्या जॉइंटमधून गटाराचं पाणीही आत खेचलं जातं, लहान पोरांची पोटं बिघडतात ती यातूनही. म्हणून माझं म्हणणं असं की तासभर पाणी देऊन मीटरचं बिल लावणं अन्याय आहे, आधी लाइन कायम भरलेली ठेवा आणि मग मीटर मोजा.

खासगी कंपनीशिवाय 24 तास पाणी होऊच शकत नाही का? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

होतं की. कराडजवळचं मलकापूर बघून ये. तिथे नगरपंचायतीनं जीवन प्राधिकरणाला सोबत घेऊन 24 तास पाणी दिलं, प्रत्येक घराला मीटर, आणि जास्त वापराल तसा वरच्या टप्प्याला जास्त दर. कमी वापरणाऱ्याचं बिल कमी आलं म्हणून लोकांनी मीटर मान्य केले. गाव लहान आहे, 25 लाखांच्या शहराला तेच जसंच्या तसं लागू होणार नाही हे मान्य, पण मीटर, दर आणि गळती या तीन गोष्टी सरकारी यंत्रणेला जमतच नाहीत असं म्हणणाऱ्यांना मलकापूर दाखवायचं. उलट लातूरला 2008 मध्ये खासगी कंपनी आणली, मीटरवरून आंदोलन पेटलं, ते काम टिकलं नाही, आणि 2016 च्या दुष्काळात त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. धरणात पाणीच नसेल तर कंपनी काय आणि महापालिका काय, नळ कोरडाच राहणार.

पहिल्या पत्रातल्या काकांना आणि ज्यांच्या शहरात चर्चा चालू आहे त्या सगळ्यांना एक काम सांगते. माहितीच्या अधिकारात कराराचा मसुदा परिशिष्टांसकट मागा. दरवाढ कशाला बांधली आहे, करार मध्येच मोडला तर कंपनीला किती द्यायचे, झोपडपट्टीतल्या सार्वजनिक नळांचं काय होणार आणि तक्रार सुटली नाही तर दंड किती, ही चार उत्तरं त्यात शोधा. अर्जाला उत्तर द्यायची मुदत 30 दिवसांची असते आणि सभेची विषयपत्रिका मात्र थोडेच दिवस आधी निघते, तेव्हा विषय सभेपुढे यायची वाट बघू नका, अर्ज याच आठवड्यात टाका.