जेनेटिक अल्गोरिदमनं दिलेला 'बेस्ट' पर्याय पुन्हा चालवला की मागं का पडते?

तुम्ही विचारलं की कापूस खरेदीच्या यार्डाचं सिम्युलेशन केलं, काटे किती, हमालांच्या टोळ्या किती, ओलावा पाहणारे किती हे जेनेटिक अल्गोरिदमला (चांगले पर्याय एकमेकांत मिसळून-बदलून आणखी चांगला शोधणारा प्रोग्राम) शोधायला लावलं, त्यानं गाडीमागं 70 मिनिटं वेटिंगवाला पर्याय दिला आणि तोच पुन्हा चालवला तर 95 येऊन राहिले. भाऊ, कोड चुकलाच असंल असं नाही, हे असं होतेच.

पहा, समजा एका रनचा (सिम्युलेशन एकदा चालवण्याचा) आकडा 20 मिनिटांनी खालीवर होते आणि तुम्ही म्हणता तसे दर पर्यायाला 5 रन दिले, तर सरासरीतही 9 मिनिटांची हलचल उरतेच. मग सारख्याच दमाचे 400 पर्याय तपासले तर त्यातला सगळ्यात कमी आकडा खऱ्यापेक्षा सरासरी 26-27 मिनिटं खाली दिसणारच, आणि अल्गोरिदम नेमका तोच उचलते. सगळ्यांचे रन वाढवणं परवडत नाही, हलचल अर्धी करायला चौपट रन लागतात.

म्हणून शोधणं अन् निवडणं ही दोन कामं वेगळी धरा. जेनेटिक अल्गोरिदमनं पाहिलेले सगळे पर्याय सरासरी-व्हेरियन्ससकट (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) जपून ठेवा, जे साफ मागं आहेत ते चाळून टाका, उरलेल्यांना नवे रन द्या (जुने नशिबाचे आकडे त्यात मिसळू नका) आणि रँकिंग अँड सिलेक्शननं (ठरवलेल्या खात्रीनं, म्हणजे समजा 95 टक्के, सगळ्यात चांगला पर्याय निवडायच्या सांख्यिकी पद्धती) निवडा. बोझेल, नेल्सन आणि किम यांनी 2003 मध्ये शोधानंतरची ही साफसफाई नीट मांडली. त्यात दोन पर्यायांतला किती मिनिटांचा फरक सोडून दिला तर चालंल हे तुम्हीच ठरवायचं असते, आणि माझ्या मते ते यार्डात रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याकडे पाहूनच ठरवा, त्याला 5 मिनिटांनी काही होत नाही पण तासानं होते, मी तर 10 मिनिटं धरीन. अशा निवडीच्या रिनॉटच्या 1978 च्या पद्धतीत रन या फरकाच्या वर्गाच्या उलट प्रमाणात वाढतात, म्हणून 10 ऐवजी 5 धरले की खर्च जवळपास चौपट.

सगळ्या पर्यायांना गाड्यांची आवक एकच ठेवली तर तुलना बहुतेक वेळा साफ होते, फक्त रिनॉटची पद्धत स्वतंत्र रन मानते, तेव्हा किम-नेल्सनची 2001 ची पद्धत वापरा.

अन् ही 95 टक्के खात्री मिळते ती सापडलेल्या पर्यायांपुरतीच, न पाहिलेल्याबद्दल ती काहीच सांगत नाही, म्हणून साफसफाईच्या आधी शोध दोन-तीन वेगळ्या सुरुवातींनी चालवून घ्या.