जळगावच्या डाळमिलसाठी टॅली : क्लाउड की ऑफिसातला सर्व्हर?

आठ जण टॅलीवर (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि ते ज्यावर चालतं तो जुना सर्व्हर बदलायचा, तर नुसत्या मशीनच्या किमतीवर जाऊ नका. 150 वॉटचा सर्व्हर 24 तास चालला तरी महिन्याला 108 युनिटच. खरं बिल सर्व्हरच्या खोलीतल्या एसीचं! मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास. एसी तासाला एक युनिट, रोज 12 तास धरा, महिन्याला झाले 360. यूपीएसची लेड-ॲसिड बॅटरी 25 अंशांना जेवढी टिकते, 35 ला साधारण त्याच्या निम्मी. डाळीचा भुसा पंख्यात अडकतो ते निराळंच.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर, तासांचा हिशोब. रोज 10 तास, 26 दिवस म्हणजे 260 तास. रात्री बंद करायला विसरलात की 720, बिल पावणेतीनपट. बंद ठेवलं तरी डिस्कचं भाडं चालूच. विंडोज रिमोट डेस्कटॉपचं (आपल्या मशीनवरून त्या सर्व्हरवर काम करायची सोय) लायसन्स माणशी वेगळं पडतं, कोटेशनमध्ये ते आहे का आधी विचारा. शिवाय नेट गेलं की बिलिंग ठप्प, म्हणून दुसऱ्या कंपनीची एक जादा लाइन धराच.

सगळे एकाच छताखाली असतील तर सर्व्हर ऑफिसातच ठेवा, फक्त रोजचा बॅकअप बाहेर जाऊ द्या. धुळे-चोपड्याला शाखा असेल तर क्लाउड.