एंटर दाबायच्या आधी

सांगली, रविवार

अनेक आशीर्वाद.

परवा तू सीसीआयईच्या, म्हणजे सिस्कोच्या तज्ज्ञ पातळीवरच्या नेटवर्किंग परीक्षेच्या, तयारीचं वेळापत्रक दाखवलंस. नव्वद दिवस, नव्वद लॅब (सरावाची नेटवर्कं), रोज रात्री आठ ते अकरा, तेही चार रंगांच्या पेनांनी आखलेलं. तेव्हा मी काही बोललो नाही. तुझे आई-बाबा इतक्या कौतुकानं बघत होते की तोंडाशी आलेलं वाक्य चहाबरोबर गिळून टाकलं. आता लिहितो. वेळापत्रक फाडू नकोस, पण त्यातल्या निम्म्या लॅब काट.

तू लॅब कशी सोडवतेस तेही पाहिलं. उजवीकडं व्हिडिओ, डावीकडं टर्मिनल. तो टाइप करतो, तू टाइप करतेस, शेवटी पिंग गेला की वहीत बरोबरची खूण. हात छान चालतो तुझा, माझ्या दुप्पट वेगानं. पण मधेच मी विचारलं, "ही कमांड दिल्यावर राउटिंग टेबलात काय बदलेल?" म्हणजे कुठं जायला कुठली वाट, या राउटरकडच्या यादीत. तर म्हणालीस, "थांबा काका, टाकून बघते." माझं सगळं म्हणणं तिथंच आहे.

एंटर दाबायच्या आधी, आता काय दिसणार ते कागदावर लिहायचं. मग एंटर. मग कागद आणि स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून बघायचं. जुळलं तर पुढं. नाही जुळलं तर त्या दिवसाचा अभ्यास तेवढाच, बाकीची लॅब राहिली तरी चालेल.

ही अक्कल मला एका साखर कारखान्यात आली. जानेवारी महिना, हंगाम ऐन भरात. नव्या कॅमेऱ्यांसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच तारांवर चालणारं वेगळं नेटवर्क) केलं होतं, नंबर ३०, आणि ते उसाच्या वजनकाट्यावरच्या स्विचपर्यंत पोचवायचं होतं. ऑफिसात बसून त्या स्विचच्या ट्रंक पोर्टवर, म्हणजे एका तारेवरून अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टवर, मी टाइप केलं, 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०'. 'ॲड' राहिलं. 'ॲड' असेल तर आधीच्या यादीत ३० जोडलं जातं, नसेल तर आधीची यादी पुसून एकटं ३० उरतं. काट्याच्या कॉम्प्युटरचं व्हीलॅन गेलं. मी ज्यातून स्विचपर्यंत पोचत होतो ते मॅनेजमेंट व्हीलॅनही त्याच ट्रंकवर, त्यामुळं माझं सेशनही जागच्या जागी गोठलं. आता चूक कळली तरी दुरुस्त कुठून करणार?

चालत काट्यावर गेलो. जोड ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गेटबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत लागलेले, बाजूला बैलगाड्यांची वेगळी रांग. एक गाडीवान म्हणाला, "साहेब, वजन कधी व्हायचं? उभ्या उभ्या ऊस वाळतोय." वाळला की वजन घटतं, वजन घटलं की पैसे. त्याच्याकडं न बघता मी स्विचची पॉवरची वायर काढली आणि परत लावली. कॉन्फिग सेव्ह केलं नव्हतं, म्हणून जुनी यादी परत आली. त्या दिवशी माझ्या आळसानं मला वाचवलं. नाहीतर 'रीलोड इन १०' देऊनच असल्या कामाला हात घालायचा असतो: दहा मिनिटांत तू ते रद्द केलं नाहीस तर स्विच आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर येतो.

पण खरी गोष्ट वेगळी. 'आता या ट्रंकवर १०, २० आणि ३० दिसले पाहिजेत' एवढी एक ओळ मी आधी कागदावर लिहिली असती, तर कमांड टाइप करताना नुसतं ३० बघून हात थांबला असता. कमांड मला पाठ होती. काय व्हायला हवं, ते मात्र मनात स्पष्ट नव्हतं.

आता तुझ्या लॅबमधलं उदाहरण. दोन राउटर, मधे एक इथरनेट लिंक, दोन्हीकडं ओएसपीएफ (राउटर ज्यानं एकमेकांना वाटा कळवतात तो प्रोटोकॉल). एका बाजूचा नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट राहू दे (इथरनेटवर मुळात तोच असतो), दुसऱ्या बाजूला पॉइंट-टू-पॉइंट कर. हॅलो (मी आहे, असा निरोप) दोन्हीकडं दर १० सेकंदांनी, डेड (निरोप न आल्यास शेजारी गेला असं धरायची मुदत) ४०, त्यामुळं टायमरची तक्रार नाही. 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' दे. फुल, म्हणजे शेजाऱ्याशी पूर्ण जुळलं! इथं बहुतेक जण वहीत खूण करून पुढं जातात. पण तू कागदावर लिहिलेलं असेल, 'समोरच्याचे तीन लूपबॅक (राउटरच्या आतले आभासी पोर्ट), तिन्ही ओ म्हणून, म्हणजे ओएसपीएफकडून शिकलेले, दिसतील', तर राउटिंग टेबल उघडशील, आणि तिथं एकही नाही. डेटाबेस बघ, माहिती आलेली आहे. मग रूट का नाही? कारण एक राउटर त्या लिंकचं वर्णन 'मधे डीआर (सगळ्यांच्या वतीनं बोलणारा नेमलेला राउटर) असलेलं नेटवर्क' असं करतो आणि दुसरा 'दोघांमधली सरळ तार' असं. एकाच वाटेची दोन वर्णनं जुळत नाहीत, म्हणून एसपीएफला (वाटा शोधणाऱ्या हिशोबाला) त्या वाटेनं पलीकडं जाता येत नाही. खूण नेबरच्या आउटपुटमध्येच होती म्हणा: एका बाजूला फुलच्या पुढं डीआर किंवा बीडीआर (राखीव डीआर), दुसऱ्या बाजूला नुसती आडवी रेघ. ती रेघ नजरेला टोचायला लागली की समज अभ्यास लागला.

म्हणून व्हिडिओ बंद. एकच टोपॉलॉजी (राउटरांची मांडणी) उभी कर आणि तीच मोडत राहा. त्यासाठी नवा लॅपटॉप मागू नकोस बाबांकडं. सिस्कोच्या सीएमएलची (कॉम्प्युटरवरच आभासी राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) फुकट आवृत्ती पाच नोड, म्हणजे पाच राउटर-स्विच, चालवते, पहिले तीन महिने पाच नोड पुष्कळ होतात. पुढं तसंच दुसरं सॉफ्टवेअर, ईव्ह-एनजी, आहेच.

मोडायचं कसं? आपणच केलेला बिघाड आपल्याला लगेच सापडतो, त्यात काही राम नाही. भडंगचा रिकामा डबा घे. त्यात वीस-पंचवीस चिठ्ठ्या टाक, प्रत्येकीवर एक बिघाड: कुठल्या राउटरवर जायचं आणि कुठल्या ओळी टाइप करायच्या. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बदल, ओएसपीएफचा एरिया नंबर बदल, आयबीजीपीमधलं नेक्स्ट-हॉप-सेल्फ ('पुढचा टप्पा मीच' असं सांगणारी ओळ) काढ, रीडिस्ट्रिब्यूशनचा (एका प्रोटोकॉलचे रूट दुसऱ्याला देतानाचा) टॅग काढ. तू बाहेर जा आणि तुझ्या रूममेटला तीन चिठ्ठ्या काढून टाइप करायला सांग. तिला नेटवर्किंग येत नाही हे उत्तमच, चेहऱ्यावरून काही कळणार नाही. मग घड्याळ लावून बस. वीस मिनिटांत नाही सापडलं तर चिठ्ठी बघ आणि कुठल्या कमांडनं ते पाच मिनिटांत दिसलं असतं ते वहीत लिही. सगळं पुसून पहिल्यापासून कॉन्फिग करायचं नाही. परीक्षेत तो रस्ता नाही.

परीक्षेचं रूप तुला माहीत आहे: आठ तास, पहिले तीन डिझाइनचे, पुढचे पाच प्रत्यक्ष कामाचे. प्रश्नात चार अटी असतील आणि तू तीन पाळल्यास, तर पाऊण गुण मिळत नाहीत, शून्य मिळतो. तिथंही कागदच कामाला येतो. अटी एकाखाली एक उतरव, प्रत्येकीपुढं ती सिद्ध करणारी शो कमांड लिही, मगच कीबोर्डला हात लाव. मी पहिल्या खेपेला आपटलो तो यातच. सगळं चालत होतं, फक्त 'स्टॅटिक रूट वापरू नये' ही ओळ मी वाचून विसरलो होतो.

डिझाइनच्या भागात राउटरला हात लावायला मिळत नाही आणि दिलेल्या उत्तराकडं मागं जाता येत नाही. त्याची तयारी लॅबमध्ये होत नाही. ती तुझ्या बाबांसमोर कर. मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणारा माणूस आहे. त्यांना मराठीत सांग की या शाखेला दोन लिंक का हव्यात. ते विचारतील, "दुसरी किती दिवस पडून राहणार? एक बंद पडली तर तासाला किती नुकसान?" त्यांचं समाधान होईपर्यंत तुझं उत्तर कच्चं समज.

बाजारात 'खरे पेपर' विकणारे भेटतील. नाद करू नकोस. पकडली गेलीस तर सर्टिफिकेट जातं, नाही गेलीस तर पुढं कुणाच्या तरी काट्यावर उभी राहशील.

दर पंधरा दिवसांनी एक रविवार सलग आठ तास बस. फोन दुसऱ्या खोलीत. सहाव्या तासाला आपण कशा चुका करतो ते ज्याचं त्यालाच बघावं लागतं. मी नंबर उलटे टाइप करायला लागतो, २३ चे ३२. तुझं काय होतं ते शोध. आणि बेंगळुरूला परीक्षेच्या आदल्या दिवशी पोच. मिरजेहून रात्रभर रेल्वेत काढून सकाळी तसंच सेंटरवर जायचं धाडस करू नकोस. फी लाखाच्या वर आहे, एका रात्रीच्या लॉजचे पैसे वाचवून काय मिळणार?

तारीख आत्ताच घेऊ नकोस. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन विश्रामबागेत घरी ये. पहिला डबा मी भरून ठेवलाय, चिठ्ठ्या काकू काढणार आहे. तिला सांगून ठेवलंय की तू गोड बोललीस तरी दाखवायच्या नाहीत.

तुझा,
काका