हाड मोडलं आणि कोविडही निघाला, तर?

पावसाळा लागला की इंदूरच्या आमच्या ओपीडीत घसरून पडलेले वाढतात आणि तापाने फणफणलेलेही. दोन्ही एकाच माणसाला झालं की घरच्यांची तारांबळ उडते. या खेपेचे बहुतेक प्रश्न त्याबद्दलचेच आहेत.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. दाखल करताना कोविड पॉझिटिव्ह आल्या. ताप नाही, खोकला नाही. नातेवाईक म्हणतात, सात आठवडे थांबा, मग ऑपरेशन करा. काय करावं? (सुदामानगर)

थांबू नका. सात आठवड्यांचा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोविड होऊन सात आठवडे उलटायच्या आत ऑपरेशन झालेल्यांत महिन्याभरातले मृत्यू सुमारे चार टक्के होते, त्यानंतर ते दीड टक्क्यावर आले. पण त्यावरून निघालेला सल्ला तारीख बघून करायच्या ऑपरेशनांसाठी होता : हर्निया, गुडघा बदलणं वगैरे. लसीकरणानंतर ती मुदतही बरीच खाली आली आहे.

मोडलेला खुबा तारीख बघत नाही. बाई कुशीवर वळू शकत नाहीत, दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाहीत. छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी धरतात. म्हणून शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून रुग्णाला उठवून बसवायचं. पहिल्या लाटेत खुबा मोडलेल्या कोविडच्या वृद्धांपैकी जवळपास तिसरा हिस्सा महिन्याभरात दगावल्याचं काही रुग्णालयांनी नोंदवलं, हे खरं. ऑपरेशन न झालेल्यांचे हाल त्याहून वाईट होते. त्यांच्यात आधीच अत्यवस्थ असलेले जास्त होते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

डॉक्टरांना एवढंच विचारा : ऑक्सिजन न लावता रक्तातली ऑक्सिजनची पातळी किती राहते? पातळी चांगली असेल तर थांबण्यात हशील नाही. घसरत असेल तर ती सावरेपर्यंत थांबणं रास्त. पूर्ण भूल टाळून कमरेतून भूल देता येईल का, हेही विचारा.

प्रश्न : भाऊ २४ वर्षांचा. बायपासवर मोटरसायकलचा अपघात, चार बरगड्या मोडल्या, कोविडही निघाला. सीटीत फुप्फुसावर डाग आहेत. डॉक्टर म्हणतात, ते मुक्या माराचे की कोविडचे, आत्ता सांगता येत नाही. असं कसं? (राऊ)

डॉक्टर खरं बोलताहेत. मुक्या माराचा डाग सहसा मोडलेल्या बरगडीच्या लगत, मार लागला त्याच बाजूला असतो, अपघातानंतर काही तासांत दिसतो आणि आठवड्याभरात विरू लागतो. कोविडचे डाग बहुधा दोन्ही फुप्फुसांच्या कडांना, खालच्या भागात पसरतात. पण दोन्ही एकत्र आले की चित्र गढूळ होतं. त्यात मांडीचं हाडही मोडलं असेल तर हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊन पहिल्या दोन-तीन दिवसांत दम लागू शकतो. म्हणून एका सीटीवर निकाल न देता दोन-तीन दिवस लक्ष ठेवावं लागतं.

धोका खोटा नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या अपघात केंद्रांमधल्या २०२० च्या १५,५५० जखमींच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतल्या २१९ कोविडबाधितांमध्ये मृत्यूची शक्यता बाकीच्यांच्या सुमारे सहा पट निघाली, फुप्फुसांच्या तक्रारीही तशाच वाढल्या. मोठ्या मारानंतर अंगभर दाह उठतो, रक्त गोठण्याकडे झुकतं. कोविडही तेच करतो. पण ते आकडे लस येण्याआधीचे आहेत. तरण्या भावावर ते जसेच्या तसे लावू नका.

तुमच्या हातात एक मोठं काम आहे. बरगडी दुखते म्हणून तो खोकणार नाही आणि कफ आतच राहील. वेदनाशामक वेळेवर द्यायला लावा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायला सांगा. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र मिळालं असेल, त्यात फुंकायचं नसतं, नळी तोंडात धरून हवा आत ओढायची असते. वॉर्डात निम्मे लोक फुंकतच बसलेले असतात, आणि शेजारी बसलेले नातेवाईक त्यांना शाबासकी देत असतात!

प्रश्न : वडिलांच्या डोक्याला मार लागलाय, कोविडही आहे. कोविडवर स्टेरॉइड चालतं, मग डॉक्टर का देत नाहीत? (राजेंद्रनगर)

कारण डोक्याच्या मारात ते घातक ठरलंय. २००४ च्या ‘क्रॅश’ चाचणीत दहा हजारांवर रुग्ण होते. जास्त मात्रेत स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. कोविडमध्ये डेक्सामेथासोनने जीव वाचतात हे २०२० मध्ये सिद्ध झालं. ती मात्रा बरीच कमी असते, पण फायदा ऑक्सिजनची गरज लागलेल्यांनाच झाला. वडिलांना ऑक्सिजन लागत नसेल तर डॉक्टरांचं बरोबर आहे.

प्रश्न : पॉझिटिव्ह सांगितलं की जखमीला दाखल करून घेणार नाहीत, या भीतीने रिपोर्ट लपवावा का? (रामबाग)

मुळीच नको. लपवलेला कोविड भूल देणाऱ्याला ऐनवेळी गोत्यात आणतो, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनाही. जखमीला तातडीचे उपचार देणं प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात दिलाय. कुणी टाळाटाळ केली तर नकार लेखी मागा; सूर बदलतो.

प्रश्न : स्कूटरवरून पडल्यापासून वास येत नाही. कोविड समजू का? (टिळकनगर)

आधी तपासणी करा, पण डोकंही विसरू नका. कपाळावर किंवा डोक्याच्या मागे आपटल्याने वासाचे नाजूक तंतू तुटू शकतात. कोविडमध्ये वास बहुतेकांना काही आठवड्यांत परत येतो, तुटलेल्या तंतूंचा भरवसा कमी. आणि वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ काही थेंबथेंब गळत असेल, तर सर्दी म्हणून सोडून देऊ नका. नाक शिंकरू नका, आणि आजच्या आज एमवायमध्ये (इंदूरचं सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या सर्जनला दाखवा.