रुळालगतच्या मळ्यातल्या मातीचा रिपोर्ट चांगला आलाय, मग तिथला पालक खायला हरकत आहे का?

आधी रिपोर्ट कसला ते बघा. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र-स्फुरद-पालाशपासून बोरॉनपर्यंत 12 गोष्टी असतात. शिसं नाही, कॅडमियम नाही, म्हणजे भाजीतून पोटात जाणारे विषारी धातूच नाहीत. पिकाला काय कमी पडतंय एवढंच ती सांगते. आमचा दादा असलाच एक कागद फडकावत आला होता, म्हणून लिहितोय.

बाबा रेल्वेत. कुर्ल्याजवळ रुळालगतचा तुकडा कसायला घेतलेला, पाणी नाल्याचं. मी तेव्हा एका लॅबमध्ये नवाच लागलो होतो. एका रविवारी मोठ्या उत्साहाने माती खणून नेली. जस्त इतकं आलं की घरी येऊन जाहीर केलं, मळा बंद करा. बाबा आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी लॅबमधले साहेब म्हणाले, ''माती कालवली कशात?'' बादलीत. पत्र्याची, जस्ताचा मुलामा दिलेली, तळाला पांढरी भुकटी सुटलेली. त्यातच मी ढेकळं फोडली होती!

पुन्हा गेलो. या वेळी प्लास्टिकचा टब. इंग्रजी व्हीसारखा खड्डा, 15 सेंमी खोल, खुरप्याने खरवडलेली बाजू लाकडी पट्टीने तासून टाकली आणि मग आतली माती घेतली. जस्त उतरलं. शिसं मात्र जागच्या जागी.

''आधी जस्त, आता शिसं. तिसऱ्या खेपेला सोनं काढ,'' बाबा म्हणाले.

शिशाचं पेट्रोल देशभर 2000 साली बंद झालं, पण गाड्यांच्या धुरातून मातीत पडलेलं शिसं पावसाने वाहून जात नाही, वरच्या थरातच चिकटून बसतं. तेव्हा कुठल्याही लॅबला ठणकावून सांगा: माती अ‍ॅसिडमध्ये उकळून एकूण शिसं आणि कॅडमियम काढून द्या. नुसतं 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' लिहिलेला कागद घेऊन भांडायला येऊ नका. दादा, तूसुद्धा.

हां, मातीत आहे म्हणजे सगळं पानात चढतं असंही नाही. माती आम्लधर्मी असेल तर कॅडमियम जास्त चढतं, सेंद्रिय खत भरपूर असेल तर कमी. पानावर बसलेली धूळ धुतली की जाते, आत शिरलेलं जात नाही. पालेभाजीपेक्षा भेंडी-दुधी बरी. खरं उत्तर हवं असेल तर भाजीच तपासा.

दादा अजून म्हणतो, मी मळा बंद पाडला. बंद कुठे पडला? पुढच्या हंगामात बाबांनी पालकाच्या वाफ्यांत भेंडी लावली. विचारलं तर म्हणाले, ''पालकाला भाव नाही.''