विश्रांतीने थांबलेली कंबर नेटमध्ये पुन्हा का दुखते?

प्र. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, उजव्या हाताने मध्यमगती गोलंदाजी करतो. दोन महिने कमरेत डावीकडे दुखत होतं. एक्स-रे नॉर्मल आला. तीन आठवडे खेळ बंद ठेवून घरी भुजंगासन आणि सिट-अप्स केले, दुखणं थांबलं. नेटमध्ये मात्र दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू! आता कोणते व्यायाम करावेत?
— एक पालक, चिंचवड

उ. व्यायामाआधी एमआरआय. या वयाचा वेगवान गोलंदाज, दुखणं गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, त्यातून मागे वाकल्यावर ते वाढत असेल, तर मणक्याच्या मागच्या कमानीत ताणाने तडा जात असण्याची शंका घ्यायलाच हवी. सुरुवातीचा तडा एक्स-रेत बहुधा दिसत नाही. पुढचा पाय आदळतो त्या क्षणी उजव्या हाताच्या गोलंदाजाची कंबर डावीकडे झुकते, मागे वाकते आणि वळतेही. सगळा दाब डाव्या बाजूच्या हाडाच्या अरुंद पट्टीवर येतो. भुजंगासनही तिथेच दाबतं, म्हणून ते सध्या बंद. सिट-अप्सही नकोत.

तडा निघालाच, तर गोलंदाजी साधारण तीन-चार महिने बंद आणि सामन्यात परतायला सहा ते नऊ महिने धरा. दुखणं आधी थांबतं, हाड मागाहून भरतं. तुमच्याकडे घोटाळा इथेच झाला असावा.

फिजिओने परवानगी दिली की बर्ड डॉग (हात-गुडघ्यांवर राहून एक हात पुढे आणि विरुद्ध पाय मागे ताणणं) आणि गुडघे टेकून साइड प्लँक (कुशीवर, कोपराच्या आधाराने कंबर उचलून धरणं). मिनिटभर ताणून धरू नका. ८-१० सेकंद धरायचं, सोडायचं. दोन्ही बाजूंना पहिल्या फेरीत सहा वेळा, दुसरीत चार, तिसरीत दोन. बर्ड डॉगमध्ये पाय कमरेपेक्षा वर गेला की पाठ खोलगट होते आणि दाब पुन्हा त्याच जागी. कमरेवर रिकामी वाटी ठेवा, ती घसरली की चुकलं. (मुलं पाय उंच नेण्यातच मर्दुमकी मानतात.) साइड प्लँकमध्ये नितंब मागे पडू देऊ नका. जोडीला ब्रिज (पाठीवर झोपून नितंब उचलणं) आणि खुब्याची फिरकी मोकळी करणं. नंतरच्या टप्प्यात वजन घेऊन लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), एका पायावरची बैठक आणि शेवटी डाव्या पायावर उडी मारून स्थिर उतरणं. धाव घेऊन पाय आदळायची तयारी यातूनच होते.

गोलंदाजी पुन्हा सुरू करताना एक दिवसाआड, अर्ध्या रनअपने, निम्म्या वेगाने १२ चेंडू. दुसऱ्या दिवशी कंबर शांत असेल तरच पुढच्या खेपेला सहा वाढवा. आधी चेंडूंची संख्या, मग वेग. दोन्ही एकाच आठवड्यात कधीच नाही. शाळा, क्लब, अकादमी मिळून चेंडू एकाच वहीत लिहा, कारण प्रत्येक प्रशिक्षक फक्त आपलेच मोजतो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची वेगवान गोलंदाजांसाठीची १७ वर्षांखालची मर्यादा चांगला आधार आहे: एका स्पेलमध्ये (गोलंदाजीच्या एका सलग टप्प्यात) ७ षटकं, दिवसात १८, सलग दोनच दिवस, आठवड्यात चार.

पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा. लघवीवरचा ताबा सुटला तर थेट रुग्णालय गाठा.

प्र. कमरेला पट्टा बांधून स्पर्धा खेळवली तर?
— तेच पालक

उ. नको. पाय आदळताना हाडावर येणारा भार पट्ट्याने टळत नाही. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याची पाठ १९७३ मध्ये अशीच मोडली होती. तो परतला १९७४-७५ च्या अ‍ॅशेसमध्ये (इंग्लंडविरुद्धच्या कसोटी मालिकेत), तेही मेहनतीने पाठ बळकट करून. एक स्पर्धा सोडा.